उतरायची खूण

१

पुण्यात सरळ रस्ता दिसला की जुन्या माणसाला आधी संशय येतो. मांजरीच्या शुगरवुड्स सोसायटीतला रस्ता तसा होता. गेटापासून मागच्या भिंतीपर्यंत नाकासमोर गेलेला, ना वळण ना चढ, दोन्ही अंगांना इमारती आणि भिंतीपलीकडे उरलासुरला ऊस. उसाचं रान मोडून सोसायटी बांधायची आणि नाव मात्र उसाचं ठेवायचं, हे बिल्डर लोकांनाच जमतं. राहणारे बहुतेक खराडीच्या ऑफिसांत कामाला. सकाळी डबा घेऊन निघायचे, ते तिकडे अमेरिका जागी होऊन कामाला लागली तरी परतायचे नाहीत. दिवसभर सोसायटीत म्हाताऱ्या, वॉचमन आणि ऊन, एवढंच असायचं.

भिंतीकडच्या टोकाला जी शेवटची इमारत, तिच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर उत्तरेश्वरचा फ्लॅट होता. त्याची आई सुशीलाबाई औशाहून आल्या होत्या, सुनेच्या बाळंतपणासाठी. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. पण रुपालीची आई लहानपणीच गेलेली. "माहेर-सासर मीच गं तुझं," असं सुशीलाबाईंनी तिला लग्नातच सांगून टाकलं होतं, आणि त्या शब्दाला जागणाऱ्या होत्या. रुपालीला डोहाळे लागले ते कुरडयांचे. झालं! दुकानातली पाकिटं काय कमी होती पुण्यात? पण बाईंनी गहू भिजत घातले, चीक काढला आणि चैत्राच्या उन्हात सोऱ्या घेऊन गच्चीवर चढल्या.

कुरडया घालायला त्यांनी ट्रंकेतलं धोतर काढलं. पांढरंशुभ्र, नवऱ्याचं. नवरा एसटीत ड्रायव्हर होता. ड्युटीवरून आला की त्याचा एक शिरस्ता होता: खाकी काढून बाह्या आत, कॉलर वर अशी घडी घालायची, हात-पाय धुवायचे, हे धोतर नेसायचं आणि मगच लेकाला उचलून घ्यायचं. सुशीलाबाई त्याच्या येण्याच्या वेळेला धोतर काढून खाटेवर पसरून ठेवायच्या. एका संध्याकाळी धोतर पसरलेलंच राहिलं. शेळ्या राखणारी पोर रस्त्यात आडवी आली, तिला वाचवायला त्यानं गाडी बाभळीवर घातली. पोर वाचली, प्रवासी वाचले. त्यानंतर दर उन्हाळ्यात त्या धोतरावर कुरडया होत होत्या. नेसायला कुणी नाही, तर निदान घरच्या कामी तरी येऊ दे.

गच्चीवर वारं होतं म्हणून चारी कोपऱ्यांना दगड ठेवले. पहिली कुरडई पडते न पडते, तोच लांबून कसला तरी आवाज यायला लागला. पिठाची गिरणी अडखळत चालावी तसा. सुशीलाबाईंनी मान वर केली. आभाळ कोरडं ठाक, साधी घारसुद्धा नव्हती. त्या पुन्हा सोऱ्या फिरवायला लागल्या आणि आवाज सोसायटीभोवती गोल गोल घिरट्या घालत राहिला.

संध्याकाळी कुरडया परातीत काढून धोतराची घडी घातली, तेव्हा तो थांबला. थांबला हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं नाही. डोकं दुखायचं राहिलं, एवढंच त्यांना वाटलं.

२

कुरडया खडखडीत वाळल्यावर रुपालीसाठी तळायला घेतल्या. कढईत टाकल्या तशा छान फुलल्या, पण वाफेला वास आला. पोरीनं तुकडा तोंडाकडे नेला, तेवढ्यात सुशीलाबाईंनी तिच्या हातातून तो हिसकावला.

"आई, काय झालं?"

"थांब जरा." त्यांनी स्वतः जिभेवर ठेवून पाहिला आणि थू थू करत मोरीकडे धावल्या. कडूजहर. आणि तो वास त्यांना चांगला ठाऊक होता. औशाकडं तुरीवर अळी पडली की धुरळायची पावडर यायची, तिचा वास. उरलेल्या कुरडया उजेडात धरल्या, तर प्रत्येकीवर पिठूळ थर होता. बोट लावलं की बोटाला येत होता.

रात्री उत्तरेश्वर आल्यावर त्यांनी त्याच्यापुढं परात धरली. त्यानं बुटाच्या नाड्या सोडता सोडता म्हटलं, "आई, समोर दोन टॉवरचं काम चालू आहे. सिमेंट असणार."

"सिमेंट कडू लागतं होय रे?"

"मी कधी खाल्लं नाही."

"आणि ते विमान? दिवसभर एकच विमान घिरट्या घालतंय."

"आई, लोहगाव किती लांब आहे? इथून विमानं नाही जाणार तर काय बैलगाड्या जाणार?" पुण्यात चार वर्षं काढली की पोरं असं बोलायला लागतात. सुशीलाबाईंनी सगळी परात कचऱ्यात ओतली. एवढ्या गव्हाचं वाईट वाटलंच. पण पोरीच्या पोटात ते गेलं असतं तर, या विचारानं त्यांच्या अंगावर काटा आला.

३

सुशीलाबाई काही भित्र्या नव्हत्या. अंगारेधुपारे करणाऱ्या बायकांना त्या तोंडावर हसायच्या. पण धोतराची घडी घातली तसा तो आवाज थांबला होता, हे आता त्यांना आठवलं. म्हणून दुसऱ्या खेपेला गहू भिजवण्याआधी त्या नुसतं धोतर घेऊन वर गेल्या. दुपारची वेळ, गच्ची तव्यासारखी तापलेली, खाली रस्त्यावर चिटपाखरू नाही. सावलीला पडलेली दोन कुत्री तेवढी होती.

त्यांनी धोतर उलगडलं आणि दगड ठेवले. वाट पाहिली. लांबून, उसाच्या पलीकडून, गिरणी सुरू झाली.

त्यांनी धोतर उचललं. आवाज वर वर जात विरून गेला.

योगायोग, त्या स्वतःशी म्हणाल्या. पुन्हा पसरलं. पुन्हा आवाज आला, या वेळी जवळून. खाली कुत्री उठली आणि रस्ता सोडून जिन्याखाली जाऊन बसली. सुशीलाबाईंनी घाम पुसला, आणि तेवढ्यात गच्चीवरून सावली गेली. पाण्याच्या टाकीवरून, मग धोतरावरून, मग त्यांच्या पायांवरून. दोन्ही बाजूंना पंख पसरलेली, एवढी खाली की त्यांनी नकळत डोकं वाकवलं. वर पाहिलं तर रिकामं आभाळ. मागून वाऱ्याचा झोत आला आणि तोंडात तीच कडू चव उतरली.

धोतर गोळा करून त्या जिना उतरायला लागल्या. "उन्हाचं होतं असं," त्या मोठ्यानं म्हणाल्या. ऐकायला कुणी नव्हतं.

४

जिन्यात इंदुबाई भेटल्या. पहिल्या मजल्यावरच्या. मूळच्या मांजरीच्याच, सोसायटी उभी राहिली ती त्यांच्या सासऱ्याच्या रानात, म्हणून बिल्डरनं त्यांना फ्लॅट दिलेला. त्यांची नजर सुशीलाबाईंच्या काखेतल्या धोतरावर गेली आणि चेहराच उतरला.

"आवो बाई, पांढरं नेलं व्हतं का वर? आमच्यात गच्चीवर पांढरं कुणी टाकीत न्हाई. कुरडया घालायच्या तर जुनं लुगडं घ्या, काय बी घ्या. पांढरं नगं."

"का हो?"

इंदुबाई सांगेनात. मग त्यांना घरात नेलं, चहा ठेवला, तेव्हा बोलल्या. हा सरळ रस्ता म्हणजे पूर्वीची मुरमाची धावपट्टी. उसावर कीड पडली की औषध मारायचं लहान पिवळं विमान यायचं. उसावर पावडर सोडायची, संपली की इथं उतरून पुन्हा भरून घ्यायची. वैमानिक परमुलखातला, भाषा कळायची नाही, पण बायकांनी दिलेली भाकरी खाऊन हात जोडायचा. वायरलेस-बियरलेस काही नव्हतं. पट्टीवर गुरंढोरं, माणसं असायची. मग खूण ठरली होती: पट्टी मोकळी असली की शेवटाला पांढरं धोतर पसरायचं, चार कोपऱ्यांना चार दगड. धोतर दिसलं की त्यानं उतरायचं.

"आणि मग?" सुशीलाबाईंनी विचारलं.

"मग काय, चैत्र लागला. पट्टीच्या शेवटाला जागा कशी झाडूनपुसून सपाट. आमच्या वस्तीवरल्या बायांनी तिथंच कुरडया घातल्या. पांढऱ्या धोतरावर. कुणाच्या बी ध्यानात आलं न्हाई वो. रोजचंच ते कापड!" इंदुबाईंनी कप खाली ठेवला. "त्यानं वरनं पांढरं बघितलं आन आला खाली. पट्टीवर आमच्या वस्तीवरली मुक्ताई. डोक्यावर भाकरीची पाटी, दिवस भरत आलेले. चाकं टेकली, तवा बायांच्या ध्यानात आलं. त्यांनी वरडत धोतर वढलं. धोतर गेलं तसा त्यो भांबावला. उतरायचं, का पुन्यांदा वर चढायचं? मुक्ताई म्होरं दिसली आन त्यानं इमान उसात घातलं. मुक्ताईला वरखडा सुदीक न्हाई. त्यो मातर…"

सुशीलाबाईंचा चहा निवून गेला होता. त्यांच्या डोळ्यांपुढं बाभूळ उभी होती.

"एक ध्यानात धरा," इंदुबाई म्हणाल्या. "पांढरं टाकलं की त्यो येतो. टाकूच नगा. पर टाकलंच, आन त्यो उतराया लागला, तर मग वढू नगा. वढलं म्हणून गेला त्यो."

"पण वाट मोकळी ठेवून कुणी उतरवला का नाही त्याला?"

"बाई, येवडी छाती कुणाची? उतारला तर म्होरं काय, ते कुणाला म्हाईत?"

५

धोतर ट्रंकेत गेलं. कुरडयांचं नाव सुशीलाबाईंनी टाकलं. रुपालीला आठवा महिना लागला होता. डॉक्टरांनी चालायला सांगितलेलं, म्हणून ती ऑफिसातून लवकर येऊन त्या सरळ रस्त्यावर फेऱ्या मारायची, कानात मोबाइलची वायर घालून गाणी ऐकत. सुशीलाबाई गॅलरीतून तिच्यावर नजर ठेवायच्या.

आता पोरीचं मन बघा. सासूबाई माझ्यासाठी एवढं राबल्या, सगळं वाया गेलं, आणि तेव्हापासून हिरमुसल्यासारख्या असतात. एक दिवस ती घरीच राहिली. दुपारी सुशीलाबाईंचा डोळा लागलेला बघून तिनं हळूच ट्रंक उघडली, धोतर मशिनमध्ये स्वच्छ धुतलं, गच्चीवर नेऊन पसरलं, सासू ठेवते तसेच चार दगड ठेवले आणि ऊन कलल्यावर खाली फिरायला गेली. उद्या परत कुरडया घाला आई, असं म्हणणार होती.

सुशीलाबाई गिरणीच्या आवाजानं जाग्या झाल्या. ट्रंकेचं झाकण अर्धवट लागलेलं. पलीकडच्या खोलीत रुपाली नाही. त्या गॅलरीत धावल्या. लांब गेटाकडून पोर इकडे चालत येत होती, एक हात कमरेवर, खाली बघत. आणि तिच्या मागं, गेटाच्या वर, आभाळाचा एक तुकडा पाण्यासारखा हलत होता.

"रुपाली! ए रुपाली! बाजूला हो गं!" कानात वायर. कसलं ऐकतेय!

खाली चार मजले, वर एक. त्या वर धावल्या. दार ढकललं तर वाऱ्यानं अंगावरच आलं. धोतर उन्हात डोळे दिपवत पसरलेलं. त्यांनी एक कोपरा धरला आणि हात तिथंच थबकला. वढू नगा. वढलं म्हणून गेला त्यो.

रस्त्यावर धूळ उठत होती. दोन सरळ रेघांत, शेजारी शेजारी, रुपालीच्या मागून, भरभर. पोरीला पत्ता नाही. सुशीलाबाई कठड्याशी उभ्या राहिल्या, पदर खोचला आणि समोरच्या रिकाम्या हवेला हात जोडले. आजवर कुठल्या देवापुढं त्या एवढ्या काकुळतीला आल्या नव्हत्या.

"बाबा रे! पोटुशी हाय ती! माझी लेक हाय! बाजूला घे रे बाबा, बाजूला घे!"

दोन रेघा वळल्या. रुपालीची ओढणी एकदम उडाली, ती दचकून मटकन खाली बसली. मग डावीकडून, जिथं क्लबहाउसचं हिरवळीचं मैदान होतं आणि उसाचं एक कांडंसुद्धा नव्हतं तिथून, ऊस मोडल्याचा आवाज आला. कडकड, कडकड, लांबच लांब. मग काहीच नाही.

सुशीलाबाई खाली पोचल्या तेव्हा रुपाली कपडे झटकत होती. "केवढं गरम वारं आलं, आई! मी ठीक आहे. अहो, रडताय काय?"

रस्त्यावर पांढुरक्या पावडरीचे दोन पट्टे होते. ते रुपालीपासून हातभर अंतरावर वळून हिरवळीकडे गेले होते आणि तिथं संपले होते.

६

मुलगा झाला. गुटगुटीत, बापावर गेलेला. सगळे खूश होते. सुशीलाबाईही होत्या, पण पावसाळाभर त्यांच्या मनाला एक टोचणी लागून राहिली. नातवाला तेल लावताना, न्हाऊ घालताना, मध्येच हात थांबायचा. त्याला उतरायचं होतं. दिवसभराचं काम करून घरी निघालेलं माणूस. दोनदा तो उतरायला लागला, दोनदा वाटेत बाईमाणूस आलं, दोन्ही वेळा त्यानं आपलं उतरणं सोडलं. आमचं लेकरू पाळण्यात आहे, आणि तो अजून वरच.

कुणाला सांगणार? उत्तरेश्वरला सांगितलं असतं तर त्यानं डोक्याचा डॉक्टर गाठला असता.

पुन्हा चैत्र आला. रुपाली ऑफिसला जायला लागली होती. एका दुपारी सुशीलाबाई इंदुबाईंकडे गेल्या आणि मनातलं बोलल्या: रस्ता मोकळा ठेवून त्याला एकदा उतरू द्यायचं. इंदुबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग उठून त्यांनी छत्री घेतली.

"गेटावर मी ऱ्हाते. पाइप फुटलाय म्हनून सांगते. आमच्या माणसांनी केलेली चूक हाय, बाई. वर मातर मी यायची न्हाई."

७

बाळ झोपलं होतं. पाळण्याची दोरी हळूच सोडून, दार ओढून घेऊन सुशीलाबाई वर गेल्या. वरचा एकच जिना, रडलं असतं तर ऐकू आलं असतं. त्यांनी धोतर पसरलं. एक दगड, दुसरा, तिसरा, चौथा. शेजारी पाण्याचा तांब्या ठेवला. लांब गेटाशी इंदुबाईंची रंगीत छत्री दिसत होती. सगळा रस्ता मोकळा.

गिरणी आली. या वेळी घिरट्या नाहीत, सरळ आली. सुशीलाबाईंनी रस्त्याकडे पाठ केली आणि डोळे मिटले. बघायची ताकद नव्हती. चाकं टेकल्याचा आवाज आला, मग एक लांब घसटणं, आणि मग गिरणी अडखळत, खोकत बंद पडली. एवढी शांतता सोसायटीत त्यांनी कधी ऐकली नव्हती. तापलेला पत्रा निवताना वाजतो तसं खाली काहीतरी टकटक वाजत राहिलं.

मग जिन्यात पावलं वाजली. दमलेल्या माणसाची, प्रत्येक मजल्यावर दम खाणारी. गच्चीच्या दाराशी आली. धोतराच्या कडेशी थांबली.

"पाणी ठेवलंय," सुशीलाबाई डोळे मिटूनच म्हणाल्या. आपलाच आवाज त्यांना ओळखू आला नाही.

तांब्या फरशीवर टेकल्याचा आवाज झाला. कापड सळसळलं. बराच वेळ काहीच झालं नाही, तेव्हा त्यांनी वळून पाहिलं. तांब्या रिकामा होता. चार दगड चार कोपऱ्यांना जागच्या जागी होते. मध्ये धोतर नव्हतं. धोतराच्या जागी खाकी कपड्यांची नीट घातलेली घडी होती, पावडरीनं माखलेली.

त्या घडीकडे बघत त्या उभ्या राहिल्या. वैमानिक खाकी घालायचा का, हे इंदुबाईंना विचारायचं राहून गेलं होतं. पण ही घडी त्यांच्या ओळखीची होती. बाह्या आत, कॉलर वर.

खालून पाळण्याची कडी कुरकुरली.

जिना त्या कशा उतरल्या ते त्यांना कळलं नाही. ओढून घेतलेलं दार सताड उघडं होतं. पाळणा हलत होता. बाळ जागं होतं, रडत नव्हतं, वर कुणाकडे तरी बघून हसत होतं, हात वर करून. उचलून घ्या म्हणत होतं. पाळण्याच्या कडेला पांढऱ्या बोटांचे ठसे होते, आणि खोलीभर तोच कडू वास. आतल्या खोलीच्या दाराआड पांढऱ्या धोतराचा सोगा दिसेनासा झाला, तेवढा त्यांनी पाहिला.

सुशीलाबाईंना भीती वाटत होती. आणि खोटं कशाला सांगा, बरंही वाटलं होतं. धोतर खाटेवर पसरलेलंच राहिलं त्या संध्याकाळपासून पोटात धरलेला श्वास आता सुटला. त्यांनी बाळाला उचलून छातीशी घट्ट धरलं आणि डोक्यावर पदर घेतला.

"आधी हात-पाय धुऊन घ्या, अहो," त्या आतल्या खोलीकडे बघत म्हणाल्या. "मग लेकराला हात लावा."

आत बाथरूममधला नळ सुरू झाला.